चिंतेला दिवसाची पाळी

कडेगाव, खानापूर, आटपाडी या पट्ट्यातली कितीतरी घरं गलाईवर उभी राहिली. जुनं सोनं-चांदी आटवायचं, शुद्ध करायचं, टंच काढून द्यायचा, हा तो धंदा. रानाला पाणी नव्हतं, म्हणून आमच्या आधीच्या पिढ्या केरळ-तमिळनाडूपासून दिल्ली-कोलकात्यापर्यंत जाऊन भट्टी मांडून बसल्या. मीही मिसरूड फुटायच्या वयात कोइमतूरला गेलो आणि केस पिकल्यावर परत आलो. आता दुकान मुलगा बघतो, मी ऊस बघतो.

झोप उडवायला दोन्ही धंदे सारखेच पटाईत. तिकडं तिजोरीत परक्याचं सोनं, इकडं रानात तोडीला आलेला ऊस. ‘काळजी सोडा, म्हणजे झोप लागेल’ हे मला पुष्कळांनी ऐकवलं. सोडायची म्हणजे नेमकं काय करायचं, ते कुणी सांगितलं नाही. जागून, बघून आणि थोडंफार वाचून जे हाती लागलं ते क्रमानं लिहितो.

१. जागरण कशाचं, ते आधी ओळखा

प्रत्येक जागरण काळजीचं नसतं. आमच्याकडं शेतीपंपाची लाईट पाळीनं येते. काही दिवस दिवसाची, काही दिवस रात्रीची. रात्रीची पाळी आली की माणूस बॅटरी आणि काठी घेऊन उसाला पाण्याची दारं धरायला जातो. उसात बिबट्या असेल ही भीती आता गावोगाव आहे. असा माणूस पहाटे घरी येऊन कूस बदलत पडला, तर त्याला ‘मन शांत ठेवा’ सांगणं ही थट्टा झाली. त्याला दिवसाची लाईट हवी आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली आली, तिचा दुसरा टप्पा २०२३ मध्ये सुरू झाला, त्या दोन्हींचा उद्देश शेतीला दिवसा वीज देणं हाच. आपल्या फीडरवर ती कधी येणार, हे विचारत राहणं हाही झोपेचाच इलाज आहे.

ओळखायची खूण सोपी आहे. दिवसाच्या पाळीच्या दिवसांत गाढ झोप लागत असेल, तर दुखणं मनात नाही. तेव्हाही छताकडं बघत पडत असाल, तर पुढचं वाचा.

२. रात्री हिशेब मांडू नका

आई म्हणायची, “रातचं हिशेब मांडू नये बाबा, आकडं मोठं दिसत्यात.” ती शाळेत गेली नव्हती, पण तिचं म्हणणं शास्त्राला धरून होतं. गाढ झोपेचा मोठा वाटा रात्रीच्या पूर्वार्धात येतो. उत्तरार्धातली झोप हलकी असते. त्यामुळं दोन-तीन वाजता जाग येणं यात वावगं काही नाही. जाग सगळ्यांनाच येते. ज्याच्या हाताला त्या वेळी काही लागत नाही, तो कूस बदलून परत झोपतो. आपल्या हाताला मात्र उसाचं बिल, पोरीचं लग्न, मुलाचं दुकान असं काहीतरी लागतं.

आणि त्या वेळी त्यातलं काहीच करता येत नाही. बँक बंद, कारखान्याचं गट ऑफिस बंद, ज्याला विचारायचं तो घोरत असतो. काम पुढं सरकत नाही, म्हणून विचार गोल फिरतो. म्हणून माझा नेम असा : दिवे मालवल्यानंतर कुठलाही निर्णय घ्यायचा नाही. विकायचं का, ठेवायचं का, भावाशी बोलायचं का, सगळं उजाडल्यावर. रात्री अगदी अटळ वाटलेले निर्णय सकाळी चहा पिताना आठवून पाहा. त्यातल्या बहुतेकांवर सही करायला हात धजत नाही.

३. काळजीला वेळ नेमून द्या

सगळ्या बोलण्याचा गाभा हा आहे. काळजी हाकलली तर जात नाही, पण तिला वेळ दिली तर ती थांबते. पाटाच्या पाण्याची पाळी जशी ठरलेली असते, तशी मी काळजीला दिवसाची पाळी बांधून दिली. संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी अर्धा तास, बांधावरच्या लिंबाखाली.

पुढं कळलं की ही रीत शास्त्रातही आहे. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हानिया स्टेट विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ थॉमस बोरकोवेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली ती मांडली. रोज एकच वेळ, एकच जागा, अर्धा तास. दिवसभरात काळजी डोकावली की तिची दखल घ्यायची आणि ठरलेल्या वेळेवर ढकलायची. वेळ झाली की मात्र टाळायचं नाही. मन लावून, पोट भरून काळजी करायची आणि उठायचं.

यात दोन पथ्यं आहेत. जागा अंथरुणाची नको, आणि वेळ अगदी झोपायच्या तोंडावरची नको. तिसरं अनुभवानं सांगतो : त्या अर्ध्या तासात खरंच बसा. मनाला एकदा कळलं की पाळी नक्की येते, तर ते रात्री अडून बसत नाही. पाळी चुकवलीत, की रात्री दोनला ते बांध फोडणारच. गंमत अशी की नेमल्या वेळी बसल्यावर अर्ध्या काळज्या हजरच होत नाहीत. दुपारी ज्यानं जीव खाल्ला होता, ते संध्याकाळी आठवावं लागतं.

४. लिहा, आणि नेमकं लिहा

झोपण्यापूर्वी पाच मिनिटं उद्याची कामं लिहायची. टेक्सासमधल्या बेलर विद्यापीठात मायकेल स्कलिन यांनी यावर प्रयोग केला, तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. ५७ तरुण-तरुणींपैकी काहींना पुढच्या दिवसांत करायची कामं लिहायला सांगितली, तर काहींना करून झालेली. करायची कामं लिहिणाऱ्यांना सरासरी नऊ मिनिटं आधी झोप लागली. आणि त्यांच्यातही ज्यांनी जास्त तपशिलात लिहिलं, ते आणखी लवकर झोपले.

तपशिलाचं महत्त्व मला वहीनं शिकवलं. ‘उसाचं काय होणार’ असं लिहिलं तर कागदावरही काळजीच राहते. त्याऐवजी ‘सकाळी नऊला गट ऑफिस, लागणीच्या नोंदीची तारीख तपासणे, चिटबॉयला फोन’ असं लिहिलं की ते काम होतं. ‘दुकानात मंदी’ याला रात्री उत्तर नाही. ‘मुलाला विचारणे, या महिन्यात भाड्याचे किती कमी पडतात’ याला उद्या दुपारपर्यंत उत्तर मिळतं. वही साधी असावी, पेन उशाला असावं, आणि मोबाइलवर लिहू नये. मोबाइल लिहून घेतो आणि वर दहा नव्या गोष्टी दाखवतो.

५. कामानं मिटणारी काळजी कामानंच मिटवा

गलाईवाल्याची सगळ्यात मोठी धास्ती चोरीच्या सोन्याची. अनोळखी माणूस जुन्या दागिन्यांची मोड घेऊन येतो, आपण रोखीनं घेतो, आटवतो, आणि महिन्यानं परराज्यातले पोलीस दारात उभे राहतात. चोरीचा माल आहे हे माहीत असून, किंवा तसा संशय यायला कारण असून तो घेणं, हा जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ४११ खालचा गुन्हा. आता तो भारतीय न्याय संहितेच्या ३१७ व्या कलमात आहे. आमच्या धंद्यातला जवळपास प्रत्येक माणूस या एका भीतीनं कधी ना कधी जागलेला असतो.

या भीतीवर ध्यानधारणा चालत नाही, रजिस्टर चालतं. माल देणाऱ्याचं नाव, पत्ता, ओळखपत्राची प्रत, वजन, तारीख, सही. अंधार पडल्यावर अनोळखी माल घ्यायचा नाही. दाम कितीही पडतं असो, ओळख न दाखवणाऱ्याला नमस्कार करून वाटेला लावायचं. त्यात गिऱ्हाईक जातं, हे खरं. पण गेलेल्या गिऱ्हाइकाचा तोटा मोजता येतो, आणि मोजता येणाऱ्या तोट्यानं माणूस जागत नाही.

शेतीतही तेच. सोसायटीच्या कर्जाची मार्चअखेर डोळ्यांपुढं नाचू लागली की लोक गटसचिवाला चुकवून दुसऱ्या गल्लीनं जातात. उलट जानेवारीतच त्याच्यापुढं बसावं : बाकी किती, वेळेत भरलं तर व्याजात सवलत किती, कमी पडले तर वाट काय. उसाच्या बिलाचंही तसंच. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणं ऊस गेल्यापासून १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे ठरलेला किमान दर, द्यायची असते. तोड झाली त्या दिवसापासून पुढचा चौदावा दिवस कॅलेंडरवर गोल करून ठेवा. बिल लांबलं तर विचारायला जायचा दिवस तरी नक्की होतो.

६. हातात नसलेल्या गोष्टींना रात्री भेटू नका

टेंभू योजना १९९६ साली मंजूर झाली. कराडजवळच्या टेंभूला कृष्णेचं पाणी अडवून, टप्प्याटप्प्यानं उचलून ते आमच्या दुष्काळी रानापर्यंत येतं. त्याचं आवर्तन कधी सुटणार, पंप किती चालणार, बिल कोण किती भरणार, यातलं काहीच मी अंथरुणात पडून ठरवू शकत नाही. सोन्याच्या भावाचंही तसंच. वायदेबाजार रात्री साडेअकरापर्यंत, अमेरिकेतल्या हिवाळ्यात तर बाराला पाच कमी असेपर्यंत चालू असतो. कोइमतूरला असताना आमच्या गल्लीतली निम्मी मंडळी मोबाइलच्या उजेडात भाव बघत बसायची. भाव दहा रुपयांनी हलला की एक सुस्कारा, परत हलला की दुसरा.

स्वतःला एकच प्रश्न विचारावा : आकडा कळला तर आत्ता मी काय करणार? उत्तर ‘काही नाही’ असेल, तर आकडा सकाळी कळला तरी चालतो. नऊनंतर आमच्या घरात मोबाइल कपाटात जातो. मुलाला सांगून ठेवलंय, खरंच अडचण असेल तर आईच्या साध्या फोनवर रिंग दे. त्यामुळं तो फोन वाजला तरच उठायचं, आणि तो वाजत नाही तोवर सगळं ठीक आहे असं धरून चालायचं.

७. ‘विचार करू नको’ असं मनाला बजावू नका

वैद्याची गोष्ट आपल्याकडं सगळ्यांना ठाऊक आहे : औषध घेताना माकडाची आठवण काढू नका. मग पुडी हातात घेतली की माकड हजर. १९८७ साली अमेरिकेत डॅनियल वेग्नर यांनी हाच प्रयोग पांढऱ्या अस्वलावर केला. अस्वलाचा विचार करायचा नाही असं सांगितलेल्या लोकांना तो टाळता तर आला नाहीच, आणि मोकळीक दिल्यावर त्यांच्या मनात अस्वल इतरांपेक्षा जास्त वेळा आलं.

मनाला मनाई करण्यापेक्षा दुसरं काम द्यावं, आणि ते चित्रांचं असावं. ऑक्सफर्डमध्ये ॲलिसन हार्वी आणि सुझॅना पेन यांनी २००२ साली निद्रानाशाच्या रुग्णांवर हे करून पाहिलं. मनासमोर एखादं शांत, तपशीलवार दृश्य उभं करणारे लवकर झोपले. मी कोइमतूरच्या खोलीत पडून देवराष्ट्र्याच्या वाटेनं सागरेश्वरला जायचो. डोंगराची कड, देवळाचं आवार, लहान लहान देवळांची दाटी, मग वर अभयारण्याकडं जाणारी वाट. तिथला मुद्दा एकच : घाई करायची नाही. प्रत्येक देवळापाशी थांबायचं, उंबरा कसला, सावली कुठं पडली ते बघायचं. मी अभयारण्यापर्यंत क्वचितच पोचलो.

८. झोप येईना तर अंथरूण सोडा

अंथरुणात पडून तळमळण्याची सवय लागली की शरीर अंथरुणालाच घाबरू लागतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये यावर उपाय सांगितला : अंथरूण फक्त झोपेसाठी, थोड्या वेळात झोप आली नाही तर उठायचं, दुसरीकडं जायचं, डोळे जड झाले की परत यायचं, आणि रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरल्या वेळीच उठायचं.

आपल्याकडं एका खोलीत चौघं झोपलेली असतात, दुसरीकडं म्हणजे कुठं? आमच्या घरात सोपा आहे. तिथं मिणमिणता बल्ब लावून भुईमुगाच्या शेंगा फोडत बसायचं. याच्याइतकं झोपेला पोषक काम मला अजून सापडलेलं नाही. डोकं लागत नाही, हात रिकामे राहत नाहीत, आणि बियाणंही होतं. टीव्ही नको, हिशेबाची वही नको. भिंतीवरच्या घड्याळाकडं पाठ करून बसावं. ‘आता चारच तास उरले’ ही मोजणी स्वतःच एक काळजी असते. झोप आली की वाकळ गुंडाळून परत आत.

९. चहा, मिश्री आणि ‘थोडी’

यावर लांबण लावत नाही. चहातलं कॅफीन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सातला पाहुण्यांबरोबर घेतलेल्या कपातला निम्मा माल मध्यरात्रीही अंगात असतो. आमच्याकडच्या बायका रात्री निजताना मिश्री लावतात. ती भाजलेली तंबाखूच, आणि निकोटीन झोपेचा शत्रू. पुरुषांची ‘झोपेपुरती थोडी’ सुरुवातीला डोळे मिटवते आणि उत्तररात्री हमखास उठवते. या तिन्हींना काळजीचं नाव देऊन मनाला दोष देऊ नये.

१०. एकट्यानं ओझं वागवू नका

गलाईच्या घरांत एक रीत पडली आहे. तिकडून नवरा सांगतो, “इथं सगळं बरं हाय.” इकडून बायको सांगते, “हितं बी सगळं बरं हाय.” दोघांनाही ठाऊक असतं की सगळं बरं नसतं, आणि दोघंही आपापल्या गावात जागी असतात. न कळलेल्या गोष्टीत माणूस वाईटातलं वाईट भरतो. आमच्या मंडळींनीच एकदा फोनवर सुनावलं, “आवं, काय झालंय ते सांगा की. न सांगता मला जास्त भ्या वाटतंय.” तेव्हापासून रविवारच्या फोनवर एक अडचण तिकडची, एक इकडची, उघड बोलायची असं ठरलं. उपाय निघालाच पाहिजे अशी अट नाही. ऐकणाऱ्यानं लगेच सल्ला द्यायचा नाही, एवढीच अट.

हेच मोठ्या प्रमाणावर मोहरमला घडतं. कडेगावचे गगनचुंबी ताबूत बघायला आणि उचलायला देशभरातून गलाईवाले घरी येतात, हिंदूही आणि मुसलमानही. भेटींचा सोहळा उरकला की कट्ट्यावर बसून बोलणं निघतं. मदुराईवाल्याचीही तीच रड, लुधियानावाल्याचीही तीच. आपली अडचण सगळ्या धंद्याची आहे हे कळलं की तिच्यातली लाज निघून जाते, आणि जागवत असते ती बऱ्याचदा लाजच.

संध्याकाळी देवळात हरिपाठाला बसणाऱ्यांनाही असं एकत्र बसण्याचा गुण येतो असं मी बघतो. इटलीतल्या लुचानो बर्नार्डी यांनी २००१ मध्ये दाखवलं की जपमाळेची प्रार्थना किंवा मंत्र लयीत म्हणताना श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येतो आणि हृदयाची लय सुधारते. त्यांनी हरिपाठ तपासला नव्हता. पण चाल धरून, सगळ्यांच्या आवाजात आवाज मिसळून तासभर म्हटल्यावर श्वास लांब होतो, हे सांगायला यंत्र लागत नाही.

११. पुरं झालं कधी म्हणायचं

आठवड्यातून तीन रात्री झोप उडत असेल, आणि असं तीन महिने चाललं असेल, तर घरगुती उपाय थांबवून डॉक्टर गाठावा. घोरता घोरता श्वास अडकत असेल, रात्री वारंवार लघवीला उठावं लागत असेल, छाती धडधडत असेल, तर त्याआधीच. शेजाऱ्याच्या झोपेच्या गोळ्या उसन्या घेऊ नयेत. जुनाट निद्रानाशावर पहिला उपचार म्हणून विचार आणि सवयी बदलण्याची पद्धत वापरावी, गोळी नंतर, अशी शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं २०१६ मध्ये केली आहे. वर लिहिलेल्या रीतींपैकी काही त्याच पद्धतीतल्या आहेत.

आणि रात्री मनात जगण्याविषयीच वाईट येऊ लागलं, तर सकाळची वाट बघायची नाही. निर्णय सकाळी घ्यायचे, पण मदत त्याच क्षणी मागायची. केंद्र सरकारची टेलिमानस सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे. १४४१६ हा नंबर फुकट लागतो, रात्रंदिवस लागतो आणि तिथं मराठीत बोलता येतं. तो नंबर घरातल्या फोनमध्ये आजच घालून ठेवावा.

१२. सगळं मिटायची वाट बघू नका

माझ्या वडिलांनी, आबांनी, १९७२ चा दुष्काळ पाहिला. त्यांची एकच काळजी होती, पाणी. पाणी आलं की माझा जीव भांड्यात पडेल, असं ते म्हणायचे. ताकारी योजनेचं आलं, टेंभूचं आलं. पाण्यामागं ऊस आला, उसामागं तोड आली, तोडीमागं बिल आलं, बिलामागं कर्ज आलं. लाईटची पाळी आली, उसात बिबट्या आला. कोरड्या विहिरीकडं बघत रात्र काढलेल्या माणसाला आमच्या या काळज्या चैनीच्या वाटल्या असत्या, आणि आमच्या नातवंडांच्या काळज्या आम्हाला तशाच वाटतील.

हे उलगडल्यापासून मी ‘एवढं एक झालं की निवांत झोपेन’ म्हणणं सोडलं. ते एक झालं की दुसरं रांगेत असतंच. सगळी कामं संपलेली रात्र आबांच्या आयुष्यात आली नाही, माझ्याही येणार नाही. मग झोपायला ही अर्धवट कामांची रात्र चालवून घ्यावी लागते, आणि ती चालते.